जेवणाआधी एक, दोन तासांनी एक: जोडीने शुगर मोजून आहार कसा बसवायचा

काटेकोर

मधुमेहाच्या आहाराची चर्चा निघाली की याद्या सुरू होतात. हे खा, ते बंद करा, अमुक रात्री नको. यादी सगळ्यांसाठी एकच आणि शुगर मात्र प्रत्येकाची वेगळी वागणारी. तेवढ्याच भाताने एकाची ४० ने चढते, दुसऱ्याची ९० ने. आपली किती चढते हे सांगणारं यंत्र बहुतेक घरांत असतं, पण ते बाहेर निघतं फक्त सकाळी उठल्यावर.

उपाशीपोटीचा आकडा मुख्यतः यकृताने रात्रभर किती ग्लुकोज सोडलं ते सांगतो. काल दुपारी काय जेवलात याचा पत्ता त्यात जवळजवळ लागत नाही. फास्टिंग ११० बघून निर्धास्त असलेल्याची जेवणानंतरची २४० निघू शकते. म्हणून हा धागा जोडीने मोजण्यावर.

१. एका आठवड्यात एकच जेवण धरा. सगळीच एकदम मोजायला गेलात तर स्ट्रिपही संपतात आणि उत्साहही.
२. पहिला घास घेण्याआधी एक मोजणी. पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसरी. मधे काही खायचं नाही, पाणी चालेल.
३. वहीत पाच रकाने: आधीचा आकडा, नंतरचा आकडा, फरक, ताटात काय आणि किती, जेवणानंतर हालचाल किती. औषधाची वेळ चुकली असेल तर तेही लिहा.
४. तेच जेवण दोनतीनदा मोजून झाल्यावर त्यात एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. दोन बदल एकदम केलेत तर गुण कशाचा आला ते कळणार नाही.

गर्भवती नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी सर्वसाधारण लक्ष्य असं: जेवणाआधी ८० ते १३०, जेवण सुरू केल्यापासून एकदोन तासांनी १८० च्या आत. फरक ३० ते ५० असेल तर जेवण मानवलं असं ढोबळपणे धरायला हरकत नाही. वय जास्त असेल, शुगर एकदम खाली जाण्याचा इतिहास असेल तर डॉक्टर ही मर्यादा सैल ठेवतात. गरोदरपणात ती बरीच कडक असते: उपाशीपोटी ९५ च्या आत, एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. ज्यांचं मीटर मिलिमोल दाखवतं त्यांनी १८ ने भागावं.

वही कशी वाचायची त्याचं नमुन्यादाखल उदाहरण. नाश्ता: ब्रेडचे २ स्लाइस, जॅम, ग्लासभर संत्र्याचा रस. आधी ११८, नंतर २०६, फरक ८८. पहिला बदल: रस काढून त्या जागी एक अख्खं संत्रं. ११५ वरून १७६, फरक ६१. दुसरा बदल: जॅम काढून २ अंडी. १२० वरून १६२, फरक ४२. ब्रेड दोन्ही वेळा ताटातच होता. पहिल्याच दिवशी 'ब्रेड बंद' असं ठरवलं असतं तर खरा चोर ग्लासात होता हे कळलं नसतं.

स्ट्रिपवाला

उत्तम धागा. पण मोजणीच चुकली तर वही कितीही नेटकी असून उपयोग नाही, म्हणून आधी तेवढं.

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. फळ चिरून किंवा सोलून त्याच बोटाने मोजलं तर आकडा कितीतरी वर जातो, कारण कातडीवरची साखर थेंबात उतरते. सॅनिटायझरवर भागवू नका. त्याने साखर नीट निघत नाही, आणि ओलसर राहिलं तर थेंब पातळ होतो तो वेगळाच. ओल्या बोटाचंही तेच.

टोचायचं ते बोटाच्या टोकाला मधोमध नाही, कडेला. तिथे दुखतं कमी. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून हलवा किंवा कोमट पाण्यात धरा. बोट पिळू नका. पिळल्याने रक्तासोबत ऊतींमधलं पाणी येतं आणि आकडा भरवशाचा राहत नाही.

डबीतून स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं. स्ट्रिपवरचं रसायन दमटपणाने बिघडतं. सोयीसाठी चारपाच स्ट्रिप सुट्या काढून पाकिटात ठेवणारे पुष्कळ आहेत आणि मग मीटरला शिव्या घालतात. डबी उघडल्यानंतर किती दिवसांत संपवायची ते तिच्यावर छापलेलं असतं, उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. शंका आली तर त्या कंपनीचं कंट्रोल सोल्यूशन, म्हणजे ठरावीक साखरेचं तपासणी-द्रावण, मिळतं. त्याचा थेंब टाकून आकडा डबीवरच्या पट्ट्यात येतो का ते बघायचं.

मीटर अचूक म्हणजे किती? आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार १०० च्या खाली ±१५ अंक आणि १०० पासून वर ±१५ टक्के एवढी सूट आहे, आणि तीही शंभरातल्या ९५ मोजण्यांसाठी. खरी शुगर १८० असेल तर १५३ ते २०७ मधलं काहीही दिसलं तरी मीटर मानकात बसतं. तेव्हा 'काल १४२ होती, आज १४९ झाली' यात काळजी करण्यासारखं काही नाही. त्याच कारणाने एकाच जोडीवरून जेवणाचा निकाल लावू नका. तीन जोड्यांची सरासरी काढा.

शेवंती

दोन तास जेवण सुरू केल्यापासून की संपल्यापासून? लॅबमध्ये आणि बाहेर वेगवेगळं सांगतात.

काटेकोर

सुरू केल्यापासून. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर वेळी एकच नियम. काल सुरुवातीपासून आणि आज शेवटापासून धरलं, त्यात आज जेवण पाऊण तास रेंगाळलं, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

पथ्यपाणी

वहीतल्या 'किती' या रकान्याबद्दल लिहिते, कारण तिथे सगळ्यात जास्त अंदाजपंचे चालतं. 'थोडा भात', 'एक वाटी' हे माप नव्हे. घरात तीन आकारांच्या वाट्या असतात. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, नेहमी घेता तेवढा भात वाढा आणि ग्रॅम वाचा. बहुतेकांचा 'थोडा भात' २०० ग्रॅमच्या पुढे निघतो. मग १०० ग्रॅम भरा आणि तो वाटीच्या आत कुठवर येतो ते नजरेत भरून घ्या. हे एकदा केलं की रोज काटा काढावा लागत नाही.

रक्तातली साखर मुख्यतः चढते ती कर्बोदकांनी. साधारण आकडे देते, सगळे खाण्याजोग्या स्थितीतले:

शिजलेला पांढरा भात १०० ग्रॅम: २८ ग्रॅम कर्ब. उकडलेला बटाटा १०० ग्रॅम: २०. ब्रेडचा ३० ग्रॅमचा स्लाइस: १४ च्या आसपास. कोरडे ओट्स ४० ग्रॅम: २७, त्यात ४ तंतू. शिजलेली डाळ, म्हणजे पाणी काढलेली घट्ट, १०० ग्रॅम: २०, पण त्यातले ८ तंतू आणि वर ९ ग्रॅम प्रथिनं. दूध २५० मिली: १२. मध्यम केळं: २७. मध्यम सफरचंद: २५. साखर सपाट चमचा: ४. मध मोठा चमचा: १७. अंडं, मासे, चिकन: नगण्य. पालेभाज्या, काकडी, कोबी, फ्लॉवर, वांगी: एवढे कमी की मोजत बसू नका.

काटा न वापरणाऱ्यांसाठी ताटाची विभागणी. सुमारे ९ इंच व्यासाची ताटली घ्या. अर्धी पालेभाज्या-फळभाज्यांनी भरा, पाव भाग प्रथिनांनी, पाव भाग भात-ब्रेड-बटाटा यांपैकी एकाने. बटाटा भाजीच्या अर्ध्यात मोजू नका, तो पिठाळ पावातच जातो. मका आणि मटारही तिकडेच. ताटली मोठी घेतली तर ही पद्धत हसतहसत फसते.

दुपारचा_चहा

मी वेगळं ऐकलंय. भाताऐवजी ब्राउन राइस, साखरेऐवजी मध, आणि ग्लायसेमिक इंडेक्स कमी असलेलं काहीही पोटभर. मग मोजायची गरज कशाला?

पथ्यपाणी

मध आणि साखर यांत शुगरच्या दृष्टीने मोठा फरक नाही. चमचा मोठा असेल तर मधच महागात पडतो. ब्राउन राइसमध्ये तंतू थोडे जास्त, पण कर्ब जवळजवळ तेवढेच. म्हणून 'ब्राउन आहे' म्हणत दीडपट वाढून घेतला की फायदा धुऊन निघतो.

ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी टोरांटोत १९८१ साली मांडली. पदार्थातून ५० ग्रॅम पचणारे कर्ब मिळतील एवढा तो खायला द्यायचा आणि दोन तासांत साखर किती चढते ते शुद्ध ग्लुकोजशी ताडायचं. ५५ पर्यंत कमी, ७० पासून जास्त. आता गंमत बघा: कलिंगडाचा इंडेक्स चढा, पण त्यातून ५० ग्रॅम कर्ब मिळवायला अर्धा किलोहून जास्त गर खावा लागतो. उलट कमी इंडेक्सच्या पदार्थाचं ताट दुप्पट भरलं तर शुगर चढणारच. म्हणून इंडेक्स गुणिले प्रत्यक्ष खाल्लेले कर्ब, भागिले १००, म्हणजे ग्लायसेमिक लोड, हा आकडा जास्त कामाचा. शिवाय इंडेक्स एकटा पदार्थ खाऊन काढतात, आणि आपण ताट जेवतो.

तेव्हा आधी प्रमाण, मग प्रकार. मोजायची गरज राहतेच.

उंबरठा

प्रमाणानंतर क्रम. त्याच ताटात आधी भाज्या, मग प्रथिनं, आणि भात किंवा ब्रेड शेवटी, असं खाल्लं तर जेवणानंतरची चढ कमी होते. टाइप २ च्या रुग्णांवर हे तपासलेलं आहे. कारण असं की तंतू आणि प्रथिनं आधी गेली की जठर हळू रिकामं होतं आणि आतड्यातून इन्सुलिनला चालना देणारी संप्रेरकं लवकर सुटतात. एकही पदार्थ न वगळता करता येण्यासारखा हा बदल आहे, म्हणून वहीतला पहिला प्रयोग हाच करावा असं माझं मत. सॅलड आणि भाजी संपवा, थोडं थांबा, मग भाताला हात लावा.

यातली अडचण एकच: आधी भाजी खाऊनही भात पूर्वीइतकाच वाढून घेतला आणि पोट भरलेलं असताना रेटला, तर वजनाचं काय ते वेगळं सांगायला नको.

आणखी एक सूचना, तळलेल्या आणि भरपूर चीज-लोणी असलेल्या जेवणाबद्दल. स्निग्धांश पचन लांबवतो, त्यामुळे दोन तासांचा आकडा १५० दिसतो आणि खरं शिखर तीनचार तासांनी येतं. 'हे जेवण मला चालतं' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अशा जेवणाला चार तासांनी तिसरी मोजणी करा.

पायपीट

जेवणानंतर चालण्याचं कोणी अजून लिहिलं नाही म्हणून.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने टाइप २ च्या लोकांवर केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका टप्प्यात त्यांना दिवसातून केव्हाही सलग ३० मिनिटं चालायला सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं. एकूण वेळ तेवढाच. जेवणानंतर चालण्याच्या टप्प्यात जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी निघाली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. रात्री फरक जास्त, कारण रात्रीच्या जेवणात कर्ब जास्त आणि त्यानंतर माणूस बसलेला.

स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ग्लुकोज आत घेणारे ग्लुट-४ हे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या स्नायूंतही हा दुसरा दरवाजा उघडतो.

प्रत्यक्षात: शेवटच्या घासानंतर १०-१५ मिनिटांत उठा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा वेग. बाहेर जाता येत नसेल तर घरातल्या घरात, किंवा खुर्चीचा आधार घेऊन टाचा वर-खाली. तासाभराने चाललात तर शिखर बहुधा येऊन गेलेलं असतं.

आठवड्याला एकूण १५० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खंड नको. व्यायामाने वाढलेली इन्सुलिनची संवेदनशीलता एकदोन दिवसांत ओसरते म्हणून हा खंडाचा नियम. त्याशिवाय आठवड्यातून दोनतीनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीवर दंड, ताणपट्टा. डोळ्यांच्या पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर श्वास रोखून वजन उचलणं टाळा आणि आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

साखरझोप

रात्री कमी जेवून, चालून, झोपताना १३० असते आणि सकाळी १६५. मधे काहीच खाल्लेलं नसताना ३५ ने वाढते कशी? अशांनी रात्रीचं जेवण आणखी कमी करायचं का?

काटेकोर

लगेच कमी करू नका. पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन वगैरे वाढतात आणि यकृत ग्लुकोज सोडतं. साधारण ३-४ पासून ८ पर्यंत. मधुमेह नसलेल्यांच्या शरीरातही हे होतं, पण त्यांचं इन्सुलिन ते सावरतं. मात्र सकाळचा चढा आकडा दर वेळी याच कारणाने येतो असं नाही, म्हणून दोनतीन रात्री तीन मोजण्या करा: झोपताना, पहाटे ३ ला, उठल्याबरोबर.

१३०, १२५, १६५ आलं तर पहाटेची वाढ. १९०, १८२, १७६ आलं तर रात्रीचं जेवणच उतरलेलं नाही. उशीर, प्रमाण किंवा जेवणानंतरचं अरबटचरबट, यांपैकी काहीतरी. १२०, ६२, १५० असं आलं तर मधे शुगर पडते आहे. तिथे आहाराचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना वही दाखवायची, कारण औषध किंवा इन्सुलिनचा डोस बदलावा लागतो. या तिसऱ्या माणसाने रात्रीचं जेवण कमी केलं तर पहाटेचे ६२ आणखी खाली जातील. सकाळचा एकच आकडा बघून ठरवण्यातला धोका तो हा.

पहाटेची वाढ असेल तर: रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीनेक तास आधी, त्यातले कर्ब कमी, त्यानंतर चालणं. झोप पुरेशी घ्या. झोप तुटली तर दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास वारंवार अडण्याची) तपासणी करून घ्या. एवढं करूनही आकडा तसाच राहिला तर औषधाची वेळ किंवा मात्रा बदलण्याबद्दल बोलायचं. याला तुमचा हलगर्जीपणा कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका, यकृतावर कोणाची इच्छाशक्ती चालत नाही.

जागता_पहारा

धागा वाचून लगेच कर्ब निम्मे करणाऱ्यांसाठी थोडं सावधतेचं. आधी औषधांच्या पाकिटावरची नावं वाचा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड किंवा इन्सुलिन यांपैकी काही चालू असेल तर कर्ब एकदम कमी केल्यावर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. या गोळ्या जेवण किती केलं ते न बघता इन्सुलिन सोडायला लावतात. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. म्हणून पहिल्या गटातल्यांनी डोस कसा बदलायचा ते विचारून मगच ताट बदलावं.

खाली गेल्याची लक्षणं: घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळ. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराच्या काही गोळ्या) चालू असतील तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. ७० च्या खाली आकडा दिसला की १५ ग्रॅम झटपट साखर: सपाट ४ चमचे साखर पाण्यात, किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, किंवा साधारण १५० मिली फळाचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर थोडं खाऊन घ्या. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर.

इथे चुकतं काय: चॉकलेट, बिस्किट किंवा दूध देतात. त्यातल्या स्निग्धांशाने साखर उशिरा पोचते. किंवा घाबरून अर्धा डबा साखर खाल्ली जाते आणि तासाभराने ३०० दिसते. अकार्बोज घेणाऱ्यांनी साध्या साखरेवर अवलंबून राहू नये. त्या गोळीने साखरेचं विघटनच मंदावतं, तिथे ग्लुकोजच हवं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं औषध) घरात असेल आणि देता येत असेल तर द्या, रुग्णवाहिका बोलवा.

दारूबद्दल एकच: ती यकृताचं ग्लुकोज बनवणं दाबते, त्यामुळे रिकाम्या पोटी घेतली तर शुगर कित्येक तासांनी, झोपेत पडू शकते. नशा समजून लोक झोपू देतात.

आणि टाइप १ असेल तर आहाराने इन्सुलिन सुटत नाही. बेसल, म्हणजे दिवसभर मंद काम करणारं, इन्सुलिन उपाशी दिवशीही लागतं.

दुपारचा_चहा

मग ते 'मधुमेह उलटवा, गोळ्या सोडा' म्हणणारे सगळे खोटं बोलतात का?

उंबरठा

सगळं खोटं नाही, पण अटी गाळून सांगतात.

ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीचा पहिल्या वर्षाचा निकाल डिसेंबर २०१७ मध्ये आला. निदानाला सहा वर्षांहून कमी काळ झालेले, इन्सुलिनवर नसलेले, वजन जास्त असलेले लोक घेतले. नेहमीचं जेवण बंद करून तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींचे तयार पेय-सूप, मग हळूहळू जेवणाकडे. सगळं देखरेखीखाली, मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवून. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना शमला होता, तुलनेच्या गटात ४ टक्के. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त घटवले त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले होते, कारण वजन परत आलं की मधुमेहही परत येतो.

म्हणजे खरं काम वजन घटण्याचं, त्यातही यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी जाण्याचं. कुठल्या एका पेयाचं किंवा चूर्णाचं नाही. पंधरा वर्षांचा मधुमेह, बारीक अंगकाठी आणि इन्सुलिन चालू असलेल्या माणसाला हाच निकाल दाखवणं ही फसवणूक आहे.

जागता_पहारा

त्यात भर. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्या चालू ठेवून कर्ब जवळजवळ बंद केले किंवा लांब उपास धरला तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून कीटोअ‍ॅसिडोसिस हा जिवावरचा विकार होऊ शकतो, आणि तोही शुगर २०० च्या आसपास दिसत असताना. मीटर बघून कोणाला शंकाही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं यांपैकी काही झालं तर मीटरवर विसंबू नका, लगेच रुग्णालय गाठा. उलट्या-जुलाब किंवा ताप असेल आणि खाणं-पिणं बंद झालं असेल तेव्हा या गोळ्या थांबवायच्या असतात; आपल्यासाठी नियम काय ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्सुलिन मात्र आजारपणात मनाने बंद करायचं नाही. अशा वेळी दर चारेक तासांनी मोजा आणि घोटघोट पाणी चालू ठेवा.

शेवंती

जोड्या चांगल्या येतात, वहीतली सरासरी १४० च्या आसपास, तरी एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी रक्तचाचणी, ७.९. कोणावर विश्वास ठेवायचा?

काटेकोर

हिशेब करून बघा. एचबीए१सी गुणिले २८.७ वजा ४६.७ म्हणजे अंदाजे सरासरी शुगर. ६ ला १२६, ७ ला १५४, ८ ला १८३. ७.९ म्हणजे १८० च्या घरात. वहीत १४० असेल तर ४० चा फरक कुठेतरी दडलेला आहे. दोन शक्यता.

पहिली, मोजायच्या वेळा सोयीच्या निवडल्या जातात. शिस्तीच्या जेवणाच्या जोड्या वहीत येतात, संध्याकाळी पाचचं खाणं येत नाही. आठवडाभर बरोबर त्याच वेळी मोजा ज्या वेळी मोजायला नको वाटतं.

दुसरी, एचबीए१सीच फसवी असू शकते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेली साखर ही चाचणी मोजते. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या अ‍ॅनिमियात आकडा खोटा वर जातो. रक्तस्राव, पेशी लवकर फुटणं किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असणं यात खोटा खाली येतो. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) बघून घ्या. गरज वाटली तर डॉक्टर फ्रुक्टोसामिन ही रक्तचाचणी सांगतील, त्यात मागच्या दोनतीन आठवड्यांचा अंदाज येतो.

स्ट्रिपवाला

सतत शुगर मोजणारा सेन्सर वापरणाऱ्यांसाठी. दंडावरचा सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो, म्हणून शुगर झपाट्याने बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो. जेवणानंतर लगेच मीटरशी ताडून भांडण लावू नका. आलेख सपाट असताना ताडा. त्याच कुशीवर झोपलात तर दाबाने रात्री खोटी खालची शुगर दाखवतो. आकड्यापेक्षा टक्के बघा: ७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ही सर्वसाधारण मर्यादा.

परवडत नसेल तर दोन आठवडे लावून कोणतं जेवण चढतं ते शोधायचं आणि मग जोड्यांवर परतायचं, हेही चालतं.

साखरझोप

तीन मोजण्यांचं समजलं, आभार. शेवटची शंका. दमा किंवा सांधेदुखीसाठी काही दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर या वहीचं काय करायचं?

जागता_पहारा

वही चालू ठेवायची, वेळा बदलायच्या. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सकाळी घेतलं तर शुगर दुपारपासून रात्रीपर्यंत चढते आणि पहाटेपर्यंत बरीच उतरते. फक्त फास्टिंग मोजणाऱ्याला सगळं ठीक दिसतं आणि दुपारी ३०० असते. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. दुपारचे कर्ब कमी करा, त्यानंतरचं चालणं चुकवू नका, आणि लागोपाठ आकडे २५० च्या वर येत असतील तर त्याच दिवशी फोन करा. स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करू नका. आणि ते कमी करत आणताना मधुमेहाचं वाढवलेलं औषध तेवढंच राहिलं तर शुगर पडते, म्हणून त्या दिवसांत मोजणी वाढवा.